बी.एस्सी. नंतर टॉक्सिकॉलॉजी शिकायचं म्हणजे नेमकं काय शिकायचं

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की बी.एस्सी. बायोकेमिस्ट्रीचं शेवटचं वर्ष चालू आहे, घर यवतमाळकडचं, कापसाची शेती, टॉक्सिकॉलॉजीत एम.एस्सी. करावं असं डोक्यात आहे. पण यात शिकवतात काय, कुठे शिकवतात, उंदीर मारावे लागतात का, आणि आई विचारते की विषाचा अभ्यास करून पोट कसं भरणार. चारही प्रश्न रास्त आहेत. पहिल्यावर जास्त लिहिणार आहे कारण तिथेच बहुतेकांची फसगत होते.

मी मूळची व्हेटर्नरीची. बी.व्ही.एस्सी. नंतर फार्माकॉलॉजी-टॉक्सिकॉलॉजीत एम.व्ही.एस्सी. केलं आणि गेली बावीस वर्षं अशा लॅबमध्ये आहे जिथे औषधं आणि कीटकनाशकं बाजारात यायच्या आधी त्यांची सुरक्षितता तपासतात. त्यातली बरीच वर्षं स्टडी डायरेक्टर म्हणून, म्हणजे रिपोर्टवर शेवटची सही माझी असते. दरवर्षी नवीन एम.एस्सी., एम.फार्म. झालेली मुलंमुली आमच्याकडे येतात, त्यामुळे कॉलेजातून काय शिकून येतात आणि काय राहून जातं हे रोज बघते.

मुलांना वाटतं हा विषय म्हणजे विषांची यादी. आर्सेनिक, पारा, सायनाइड, साप, विंचू, प्रत्येकाची लक्षणं आणि उतारा पाठ करायचा. परीक्षेत तेवढ्यावर मार्क मिळतातही. पॅरासेल्ससने १५३८ मध्ये लिहिलेलं ते प्रसिद्ध वाक्य, की औषध आणि विष यात फरक फक्त मात्रेचा, तेही सगळ्यांना पाठ असतं. पण मात्रा हा चारातला एकच प्रश्न झाला. कोणाला, किती, कुठल्या वाटेने आणि किती दिवस, हे चारही विचारल्याशिवाय एखादी गोष्ट विषारी आहे का याला उत्तरच नसतं. दोन वर्षांच्या कोर्समध्ये हे चार प्रश्न अंगात मुरले तर कोर्स वसूल झाला असं मी समजते.

त्यातला ‘कोणाला’ हा प्रश्न मला कसा कळला ते सांगते. एम.व्ही.एस्सी. करताना संध्याकाळी एका छोट्या क्लिनिकमध्ये बसायचे. एक काका मांजर घेऊन आले, तिला कणकण वाटली म्हणून घरातली पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधातून दिली होती. हिरड्या चॉकलेटी पडलेल्या, तोंड सुजलेलं, धाप लागलेली. आपण पॅरासिटामॉल घेतो तेव्हा लिव्हर त्यातलं बरंचसं ग्लुकुरोनिक ॲसिडला जोडून लघवीवाटे बाहेर टाकतं, मांजरात ही जोडणी करणारं एन्झाइम जवळजवळ कामच करत नाही, मग औषध दुसऱ्या वाटेने जातं, त्या वाटेवर जो पदार्थ बनतो तो लाल पेशींवर उलटतो आणि रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं. पुस्तकात ही गोष्ट तीन ओळींत होती आणि मी ती वाचलेली होती. मांजर वाचली नाही. काका बराच वेळ विचारत राहिले की अहो, मी माणसाचंच औषध दिलं होतं ना, विष थोडंच दिलं. त्यांना काय उत्तर द्यायचं ते मला तेव्हा सुचलं नाही.

याच्या उलट बाजूची एक गोष्ट. नोकरीला लागून वर्षदीड वर्ष झालं असेल, एका सॉल्व्हंटसारख्या पदार्थाची नव्वद दिवसांची स्टडी होती आणि वरच्या डोसच्या उंदरांच्या किडनीत ठळक बदल दिसले. मी घाबरून रिपोर्टचा मसुदा लिहायला घेतला की हा पदार्थ किडनीला घातक आहे. आमच्या सिनियर पॅथॉलॉजिस्टनी एकच विचारलं, माद्यांच्या स्लाइड बघितल्यास का? माद्यांच्या किडन्या एकदम स्वच्छ होत्या. झालं असं होतं की नर उंदराच्या, म्हणजे लॅबमधल्या मोठ्या रॅटच्या, लिव्हरमध्ये अल्फा-टू-यू-ग्लोब्युलिन नावाचं एक प्रोटीन भरपूर तयार होतं, काही पदार्थ त्याला चिकटतात, मग ते किडनीत नीट पचत नाही, साठत जातं आणि पेशी मरतात. माणसात ते प्रोटीन नाही. आपल्या नागपुरी संत्र्याच्या सालीत जो वास असतो तो मुख्यतः लिमोनीनचा, आणि लिमोनीनने नर रॅटच्या किडनीत याच वाटेने गाठी होतात, म्हणून एकेकाळी त्याच्याकडे संशयाने बघितलं गेलं, पण यंत्रणा कळल्यावर १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला तिसऱ्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कॅन्सर करतो असं म्हणता येत नाही असा गट. माझा मसुदा तसाच गेला असता तर एक बऱ्यापैकी सुरक्षित पदार्थ माझ्या अर्धवट वाचनामुळे बाद झाला असता.

आणि गिधाडं. हे उदाहरण मी सगळ्या नवीन मुलांना देते. डायक्लोफिनॅक गाईम्हशींना दुखण्यावर, सूजेवर सर्रास द्यायचे आणि गाईला त्याने काही व्हायचं नाही. ती गाय मेली, गिधाडांनी खाल्ली, की काही दिवसांत गिधाडाच्या किडन्या बंद, आणि आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर. पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात नव्याण्णव टक्क्यांहून जास्त संपली. रोग आहे, व्हायरस आहे अशा शंकांवर बरीच वर्षं गेली, २००४ मध्ये कारण सापडलं, २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली आणि मेलोक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक गिधाडांना चालतं हे तपासून ते पुढे आणलं गेलं. माणसासाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या ३ मिलीच्या केल्या. यात औषधाच्या नेहमीच्या चाचण्यांमध्ये कोणी चूक केली होती असं नाही, औषध ज्याच्या पोटात शेवटी जाणार होतं त्याच्यावर ते तपासावं हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आता अभ्यासक्रम. विद्यापीठागणिक नावं वेगळी पण गाभा सारखाच. पदार्थ शरीरात शिरतो कसा, पसरतो कुठे, लिव्हर त्याचं काय करतं, बाहेर कसा पडतो, हा भाग तुला बायोकेमिस्ट्रीमुळे सोपा जाईल. तो मन लावून कर, कारण कित्येकदा विष शरीर स्वतःच तयार करतं. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीच्या दारूकांडात शंभरहून जास्त माणसं गेली त्यात मिथेनॉल होतं, आणि खरं नुकसान करतं ते त्याचं लिव्हरमध्ये बनणारं फॉर्मिक ॲसिड, डोळे जातात ते त्याने. म्हणून हॉस्पिटलमध्ये उपचार म्हणून साधं इथेनॉल किंवा फोमेपिझोल देतात, मिथेनॉल फोडणाऱ्या एन्झाइमला त्यात गुंतवून ठेवायचं म्हणजे मिथेनॉल तसंच बाहेर निघून जातं. यंत्रणा समजली की उतारा आपोआप समजतो, पाठ करावा लागत नाही.

मग एकेका अवयवाची टॉक्सिकॉलॉजी, जनुकांवरचे परिणाम, गर्भावरचे परिणाम, पर्यावरण, फॉरेन्सिक, आणि रेग्युलेटरी, म्हणजे पदार्थ बाजारात आणायच्या परवानगीचे नियम. प्रॅक्टिकलला एम्स टेस्ट, म्हणजे पदार्थ जनुकं बदलतो का ते बघणारी चाचणी, करायला मिळाली तर सोडू नको. साल्मोनेलाचे असे स्ट्रेन असतात जे हिस्टिडिनशिवाय वाढू शकत नाहीत, तुझ्या पदार्थाने त्यांच्यात म्युटेशन घडवलं की काही वाढायला लागतात, प्लेटवरच्या कॉलनी मोजायच्या. त्यात रॅटच्या लिव्हरचा अर्क घालून आणि न घालता, दोन्ही करतात, का ते वरच्या मिथेनॉलच्या गोष्टीवरून तुला कळलंच असेल.

दोन गोष्टी कॉलेजात नेहमी कच्च्या राहतात, स्टॅटिस्टिक्स आणि हिस्टोपॅथॉलॉजी, म्हणजे अवयवांचे पातळ काप मायक्रोस्कोपखाली बघणं. स्लाइड वाचणं पॅथॉलॉजिस्टचं काम असलं तरी लिव्हरच्या मधल्या शिरेभोवतीच्या पेशी मेल्यात की कडेच्या हे तुला ओळखता आलं पाहिजे, कारण तिथे कुठली एन्झाइम्स जास्त असतात त्यावरून पुढचा अंदाज बांधता येतो. आणि स्टॅटिस्टिक्स म्हणजे फरक सिग्निफिकंट आहे, निव्वळ योगायोगाचा वाटत नाही, असं सांगणारा सॉफ्टवेअरचा तारा आकड्यावर चिकटवणं नव्हे. एकदा एका मुलीने वरच्या डोसच्या गटाचं वजन घटलं म्हणून विषारी परिणाम असं लिहून आणलं, फरक सिग्निफिकंट होता, सगळं बरोबर. तिला म्हटलं खाद्याचे आकडे काढ. पदार्थ खाद्यात मिसळून दिला होता आणि तो कडू होता, जनावरं खातच नव्हती, वजन घटणार नाही तर काय होईल. हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगत नाही.

रेग्युलेटरी हा पेपर मुलांना कंटाळवाणा वाटतो, पण नोकऱ्या सगळ्यात जास्त तिथेच आहेत. ज्या सगळ्यात मोठ्या डोसला काही वाईट परिणाम दिसत नाही तो शोधायचा, समजा तो रोज किलोमागे १० मिलिग्रॅम आला, मग प्राण्यावरून माणसावर येताना दहाने भागायचं, माणसामाणसातल्या फरकासाठी परत दहाने, म्हणजे किलोमागे ०.१, साठ किलोच्या माणसाला दिवसाला ६ मिलिग्रॅम. गणित चौथीचं आहे. पण तो १० कशावरून आला, तिथे दिसलेला बदल वाईट मानायचा की शरीराने करून घेतलेली तडजोड मानायची, यावर मीटिंगमध्ये तासन्‌तास वाद होतात आणि ते व्हायलाच पाहिजेत.

त्याच पेपरात जीएलपी येतं, गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस. पेनाने लिहायचं, खोडायचं असेल तर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, सही, तारीख, कारण. मुलं कंटाळतात. त्यांना मी सांगते की १९७० च्या दशकात अमेरिकेत इंडस्ट्रियल बायो-टेस्ट नावाची फार मोठी लॅब होती, तिथे चाचण्यांचे आकडे चक्क बनवलेले निघाले आणि त्या आकड्यांवर कितीतरी रसायनं बाजारात आलेली होती. त्या काळातल्या अशा प्रकारांमधूनच १९७८ मध्ये तिकडे जीएलपीचे नियम आले. भारतात त्याची देखरेख करणारं राष्ट्रीय प्राधिकरण २००२ पासून आहे आणि २०११ पासून आपल्या जीएलपी लॅबचा डेटा ओईसीडी, म्हणजे मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेतल्या देशांमध्ये धरला जातो. वापी, हैदराबाद, बेंगळुरू, अहमदाबाद, पुणे इथल्या लॅबना बाहेरून काम मिळतं ते यामुळे.

आता कुठे शिकायचं. इथे सगळं तुझ्या मूळ डिग्रीवर अवलंबून आहे आणि हे कोणी आधी सांगत नाही. बी.फार्म. असतीस तर जीपॅट ही फार्मसीची प्रवेश परीक्षा देऊन नायपर या राष्ट्रीय औषधनिर्माण संस्थांमध्ये फार्माकॉलॉजी-टॉक्सिकॉलॉजी किंवा रेग्युलेटरी टॉक्सिकॉलॉजी. व्हेटर्नरी असतीस तर माफसू या राज्याच्या पशुविज्ञान विद्यापीठाखालची परळ, नागपूर वगैरे कॉलेजं. तू बी.एस्सी. आहेस, म्हणजे ही दोन दारं बंद धरून चाल. तुला सरळ टॉक्सिकॉलॉजी नावाचं एम.एस्सी. हवं असेल तर दिल्लीचं जामिया हमदर्द हे जुनं ठिकाण. फॉरेन्सिककडे ओढा असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या सरकारी न्यायसहायक विज्ञान संस्था, त्यातली नागपूरची तुला जवळ. पेपरात नेहमी येतं ना ‘व्हिसेरा राखून ठेवला’, म्हणजे मृताच्या आतल्या अवयवांचे नमुने, तो पुढे मुंबईतलं कलिना, नागपूर, अमरावती अशा सरकारी प्रयोगशाळांमध्ये जातो, तिथे रासायनिक विश्लेषकांच्या जागा निघतात, पण जाहिरातीत नेमक्या कुठल्या विषयाची पदवी मागितलीय ते आत्ताच जुन्या जाहिराती काढून बघ, नंतर रडायची वेळ नको.

तिसरा रस्ता मला तुझ्यासाठी सगळ्यात बरा वाटतो. बायोकेमिस्ट्री किंवा लाइफ सायन्सेसमध्येच चांगल्या विभागातून एम.एस्सी. कर, डिझर्टेशन, म्हणजे शेवटचा प्रबंध, टॉक्सिकॉलॉजीत घे, आणि सीएसआयआर-नेट ही संशोधन फेलोशिपची परीक्षा काढून लखनौच्या आयआयटीआरला पीएच.डी.साठी प्रयत्न कर. भारतीय विषविज्ञान अनुसंधान संस्थान, १९६५ पासूनची, देशात या विषयाचं तेवढं मोठं दुसरं घर नाही. परदेशात जायची ऐपत किंवा स्कॉलरशिप असेल तर स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्कामध्ये दोन वर्षांचं इंग्रजीतून मास्टर्स आहे, बर्मिंगहॅमलाही आहे, पण कर्ज काढून जा असं मी सांगणार नाही.

कुठेही ॲडमिशन घ्यायच्या आधी त्या विभागात एकदा स्वतः जा आणि तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचार की गेल्या सहा महिन्यांत हाताने काय केलंत. कोर्सच्या नावाला भुलू नको. माझ्याकडे टॉक्सिकॉलॉजीचं सर्टिफिकेट घेऊन आलेले काही जण होते ज्यांनी दोन वर्षांत सेल कल्चरची एक प्लेट लावली नव्हती, आणि झूलॉजीची एक मुलगी आली होती जिने माशांवर कीटकनाशकाचं काम एवढं मन लावून केलं होतं की आज ती माझी सगळी जेनेटिक टॉक्सिकॉलॉजी सांभाळते.

उंदरांचं विचारलंस ते बरं केलंस. हो, या क्षेत्रात प्राणी वापरले जातात आणि शेवटी मारले जातात, तुला कोणी गोडगोड सांगितलं तर विश्वास ठेवू नको. पूर्वी तीव्र विषारीपणा काढायला एका पदार्थामागे चाळीस-पन्नास जनावरं जायची, ती जुनी पद्धत ओईसीडीने २००२ मध्ये रद्द केली, आता एका टप्प्याला तीन घेऊन थोडक्यात भागतं. त्वचेची जळजळ तपासायला माणसाच्या पेशींपासून वाढवलेली कातडी वापरतात. कॉस्मेटिक्सच्या प्राण्यांवरच्या चाचण्या भारतात २०१४ पासून बंद आहेत, आणि २०२३ मध्ये औषधांच्या नियमातही प्राण्यांशिवायच्या पद्धतींना जागा केली गेली. प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, तिथे बाहेरचा सदस्य असतो आणि तो प्रश्न विचारतो. तरी सगळं पेशींवर होत नाही अजून. मला बावीस वर्षांनंतरही नेक्रॉप्सीचा, म्हणजे मारलेल्या प्राण्यांचे अवयव उघडून तपासायचा दिवस जड जातो, आणि ज्याला तो हलका वाटतो त्याला मी ॲनिमल हाउसमध्ये ठेवत नाही. तुला हे जमणारच नसेल तर पेशी, कॉम्प्युटरवरचे अंदाज, फॉरेन्सिक केमिस्ट्री ही कामं आहेत आणि ती दुय्यम नाहीत.

आईच्या प्रश्नाला पैशाचं उत्तर असं, की सुरुवातीचा पगार आयटीवाल्यांच्या मानाने कमीच असतो, चारपाच वर्षांनी, रिपोर्ट स्वतः लिहायला लागलीस की बरा होतो, आणि अनुभवी माणसं कमी असल्यामुळे पुढे काम तुटत नाही. पण आईला अजून एक सांग. १९३७ मध्ये अमेरिकेत एका औषधात डायइथिलीन ग्लायकॉल वापरलं, शंभरावर माणसं गेली. १९८६ मध्ये मुंबईत जे.जे. हॉस्पिटलमध्ये तेच रसायन असलेल्या ग्लिसरिनने चौदा पेशंट गेले, चौकशीला लेंटिन आयोग बसला. २०२२ मध्ये गॅम्बियात मुलं, २०२५ मध्ये छिंदवाड्यात मुलं, त्यातली काही उपचाराला नागपुरात आणलेली. तेच एक रसायन, गोडसर, किडनी बंद करणारं, आणि ओळखायची पद्धत कधीचीच माहीत असलेली. बाटली बाजारात जायच्या आधी ते ओळखणारं माणूस जागेवर हवं, त्या माणसाला याचा पगार मिळतो.

शेवटचं, तुझ्या घरी कापूस आहे म्हणून. २०१७ मध्ये तुमच्या जिल्ह्यात फवारणीने वीसहून जास्त जीव गेले तेव्हा तू शाळेत असशील. या सुट्टीत घरी गेलीस की फवारणीच्या डब्यांची लेबलं नीट वाच, हातमोजे घालून. प्रत्येकावर रंगीत त्रिकोण असतो, लाल, पिवळा, निळा, हिरवा, या उतरत्या क्रमाने. तो रंग मुख्यतः उंदराला एकदाच दिलेल्या डोसवरून ठरतो. आता वरचे चार प्रश्न घे आणि वहीत लिही की तो त्रिकोण तुझ्या बाबांबद्दल काय सांगत नाही. ते पितात थोडंच, त्यांच्या पाठीवर सांडतं, डोक्याएवढ्या कपाशीत वर नोझल धरलं की तोंडावर येतं, सप्टेंबरच्या उकाड्यात घामाने भिजलेल्या कातडीवर, दोनतीन औषधं एका पंपात मिसळलेली, आणि हंगामभर. लेबलवर उताराही छापलेला असतो, ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक असेल तर ॲट्रोपीन, तो का चालतो ते कोलिनेस्टरेजच्या धड्यात शोध, आणि ज्या डब्यावर ठरावीक उतारा नाही असं लिहिलंय तो बाजूला ठेवून बाबांना दाखव. वही भरली की मला फोटो पाठव, मी बघून सांगते.